थोरलीचं इंजिन

आधार : हात नका लावू, भाऊ. गरम आहे अजून. धुळ्याहून एका दमात आणलीय.

पितांबर : एका दमात? पारोळ्यालेबी नही थांबला?

आधार : नाही.

पितांबर : आज रविवार हाये, आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा दिस. वना आन धनसिंग असतीन ना तठी, लिंबाखाली.

आधार : होते. वनानं लँब्रेटा उघडून ठेवली होती आणि धनसिंग उकिडवा बसून कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकत होता. मी दिसायच्या आधीच आवाजावरून ओळखलं त्यांनी. उठून उभे राहिले, हात केला. मीही हात केला आणि पुढं आलो. थांबलो असतो तर विचारलं असतं, आज रावेरला कशाला? काय सांगणार होतो? पितांबरभाऊंनी त्यांची थोरली विकली, तिचं इंजिन माझ्या गाडीत आहे, ते उतरवून द्यायला चाललोय?

पितांबर : तेच सांगाचं. त्यात लपवासारखं काय हाये?

आधार : तुम्ही सांगितलं त्यांना?

पितांबर : सांगीन ना. घाई काय हाये?

आधार : म्हणजे नाही सांगितलं.

कुंदाबाई : आले का आधारभाऊ! आवाज आला तसाच मी चहा टाकला. आमच्या म्हशीबी वळखतात तुमच्या गाडीले. दुसरी कोनती फटफटी आली का बुजतात, हिले नही बुजत.

आधार : म्हशींना म्हणावं आज शेवटचं ऐकून घ्या, वहिनी.

कुंदाबाई : काहून? असं काहून बोलता?

पितांबर : काही नही. कुंदा, चहा ठेव तठी बाकड्यावर आन जाय तू. केळीवाले येतीन, त्याइले पाह्य.

कुंदाबाई : केळीवाले आज येत नही. आन थोरली विकली हे मले माहीत हाये. मुंबईचे रतिलालशेठ आले, माह्याच हातचं भरीत खाऊन गेले, तीन डाव वाढलं. पन विकली तुमची गाडी. आधारभाऊच्या गाडीले काय झालं?

आधार : सांगू का भाऊ, का तुम्ही सांगता?

पितांबर : तूच सांग. तुले उकल करून सांगाची हौस हाये.

आधार : वहिनी, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर आरसी बुकात दोन नंबर लागतात, सांगाड्याचा आणि इंजिनाचा. शेठनी बॅटरी घेतली, खाली वाकले आणि दोन्ही वाचले. सांगाडा निघाला थोरलीचा, इंजिन निघालं धाकटीचं. आता धाकटी म्हणजे माझी ही. हिच्या पोटात थोरलीचं इंजिन आहे.

कुंदाबाई : आँ? ते कसं?

पितांबर : मी कन्नडच्या घाटात पडलो व्हतो तवाचं हाये ते.

आधार : त्या दिवशी आम्ही गाड्या बदलून चालवत होतो. भाऊ धाकटीवर, मी थोरलीवर. चढावर साखळी तुटली आणि इंजिनाच्या चेंबरवर आपटली. चेंबर म्हणजे डबाच समजा, सगळं आत बसतं आणि नंबर त्याच्यावर असतो. ते फुटलं. मागचं चाक जाम झालं आणि भाऊंचा पाय गुडघ्यात मोडला.

कुंदाबाई : पाय तं मले माहीत हाये. वर्सभर मीच उचलला तो.

पितांबर : दवाखान्यातून मीच म्हनलो याले. थोरलीचं चेंबर काढ, धाकटीत घाल, मी तं पडून हाये, तुह्यी गाडी तरी चालती ठेव. कबूल हाये मले. मंग यानं फुटकं चेंबर धुळ्याले वेल्डिंग करून आनलं, मी उठलो तवा ते थोरलीत बसोलं. तवापासून थोरली गळते. आठ वर्सं झाले. चांगलं तुह्या गाडीत, फुटकं माह्या गाडीत. कधी बोललो का मी?

आधार : बोलला असतात तर त्याच रविवारी बदललं असतं.

पितांबर : बोलाची गोष्ट नही ते. समोरच्यानं समजाची गोष्ट हाये.

आधार : आणि तो नियम कोणी केला होता, भाऊ? भागाला मालक नाही. ज्याची गाडी अडली त्याला भाग. पारोळ्यात टेबलावर हात आपटून कोण म्हणालं होतं? वनाच्या लँब्रेटात धनसिंगच्या व्हेस्पाची बेअरिंग बसत नाही म्हणून तेवढी बसली नाही, नाहीतर तुम्ही तीही बसवायला सांगितली असती.

पितांबर : मीच म्हनलो व्हतो. तवा विकाचं नव्हतं कोनाले.

आधार : विकायच्या आधी एकमेकांना विचारायचं, हे पण ठरलं होतं.

पितांबर : विचारलं असतं तं काय म्हनला असता तू?

आधार : नको म्हणालो असतो.

पितांबर : मंग!

कुंदाबाई : चहा निवून ऱ्हायला. दोघंबी घ्या आधी.

पितांबर : ऐक आधार. मले किक बसत नही. पाय वळत नही गुडघ्यातून, तुले माहीत हाये. दोन वर्सं झाले, दर रविवारी तू तुह्यी गाडी उभी करतो, माह्या गाडीले किक मारतो, मंग मी बसतो. हाटेलातले लोकं पाह्यतात. आन दिवाळीपासून तं थोरली उभीच हाये. मी एसटीनं पारोळ्याले येतो आन तुह्या मागं बसून फिरतो. पिशवी मांडीवर घेऊन.

आधार : मला कधी जड नाही झालात.

पितांबर : तुले नही झालो. मले झालो.

आधार : म्हणून विकली?

पितांबर : म्हनून विकली. शेठकडं मोठा हॉल हाये, संगमरवरी. राजेरजवाड्यांच्या मोटारी हायेत तठी, त्याइच्या मधात उभी ऱ्हाईन. खाली पितळी पाटी. 'पितांबर चौधरी, रावेर, यांच्या संग्रहातून.'

आधार : संग्रह! एक गाडी, तीही अर्धी माझी.

पितांबर : टोमणे मारू नको.

आधार : सुरू तरी करणार आहेत का ते?

पितांबर : काय?

आधार : शेठ. चालवणार आहेत का? महिन्यातून एकदा तरी?

पितांबर : संगमरवरावर तेल सांडत नही कोनी.

आधार : म्हणजे नाही. बरं. चालणारं इंजिन काढून द्यायचं, ते कायमचं बंद ठेवण्यासाठी. आणि फुटकं चेंबर मी घेऊन जायचं, चालवण्यासाठी. एवढंच ना?

पितांबर : तू असं मांडतो ना, का माणूस गुन्हेगारच वाटतो. आरसी बुकात माह्यं हाये ते इंजिन.

आधार : तुमचंच आहे. आणलंय ना मी? एका पोस्टकार्डावर आणलंय. नाही म्हणालो का?

पितांबर : नही म्हनला. पन तोंड तसं करून आला.

आधार : तोंडाचं कारण वेगळं आहे.

पितांबर : काय कारन?

आधार : शेठना माझ्याबद्दल काय सांगितलंत?

पितांबर : काय सांगनार? इंजिन धुळ्याले हाये म्हनून सांगतलं.

आधार : कोणाकडं?

पितांबर : तुह्याकडं.

आधार : मी कोण?

पितांबर : हे काय विचारनं झालं?

आधार : मंगळवारी शेठचा माणूस आमच्या ऑफिसात आला होता, इंजिन खरंच आहे का ते बघायला. पाटबंधारे खात्याच्या दारात उभा राहून नथ्थू शिपायाला विचारतो, 'चौधरीसाहेबांचे मिस्त्री बैसाणे कुठं बसतात?' नथ्थूनं त्याला मागं पाठवलं, जीप दुरुस्त करतात तिथं. तिथं बसून राहिला बिचारा. मग कोणीतरी म्हणालं, बैसाणे म्हणजे आपले साहेब तर नव्हेत? वर आला. माझ्या टेबलावरची पाटी वाचली, शाखा अभियंता. वाचली आणि तरीही विचारतो, 'चौधरीसाहेबांची गाडी तुम्हीच बघता ना?' नथ्थू दारात चहाचा ट्रे घेऊन उभा.

कुंदाबाई : अहो! असं सांगतलं तुम्ही?

पितांबर : तू मधी बोलू नको.

आधार : बोलू द्या त्यांना.

पितांबर : अरे, तो मुंबईचा माणूस. बॅटरी मारून विचारतो, चौधरीसाहेब, तुमचं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत कसं गेलं? आता त्याले काय सांगू, आम्ही भाग वाटून घेतो म्हनून? भंगारवाले समजला असता आपल्याले. तोंडातून निघून गेलं, मिस्त्रीकडं हाये, कामाले दिलं हाये. एक शब्द. तेवढ्यापुरता.

आधार : तेवढ्यापुरता. हेच इंजिन धनसिंगकडं असतं तर?

पितांबर : तं काय?

आधार : शेठना म्हणाला असतात, धनसिंग माझा मिस्त्री आहे? सांगा ना. शिरपूरचे धनसिंग राजपूत, माझे मिस्त्री. जीभ वळली असती?

पितांबर : जात काढू नको आधार. माह्या घरात जेवला तू. माह्या ताटाशेजारी ताट होतं तुह्यं.

आधार : मोजलंत वाटतं ते? मी नाही मोजलं, तुम्ही माझ्याकडं किती जेवलात.

पितांबर : मी मोजत नही, मी सांगून ऱ्हायलो...

आधार : आमची भागाबाई विचारत होती निघताना. भाऊंच्या पायाला काय पाठवू, ते तेल पाठवू का? तिला सांगितलं नाही मी हे मिस्त्रीचं. कसं सांगायचं? नथ्थूला माहीत आहे, जीपच्या ड्रायव्हरला माहीत आहे, घरात नाही माहीत.

पितांबर : लई लागलं तुले.

आधार : मी काय तुमना मिस्त्री शे का?

पितांबर : आता अहिराणी आली तोंडात. म्हंजे खरंच लागलं.

आधार : लागनं. बठ्ठं काढी द्या मग. तुमना भाग तुमले, मना भाग मले. नुसतं चेंबर नाही. बॅरल माझा आहे, थोरलीचा बॅरल तुम्ही त्याच वर्षी संपवला होतात. पिस्टन माझा. मॅग्नेटोची कॉइल तुमची, जळगावला भरून आणलेली. तिसरा गिअर तुमचा. व्हॉल्व्ह माझे. सगळं वेगळं करू. ज्याचं त्याच्या बाजूला. आज आपण मालक होऊ भाऊ, दोघंही.

पितांबर : असं केलं तं दोन्ही गाड्या मरतीन.

आधार : तुमची तशीही काचेमागं जाणार.

पितांबर : बरं, राह्यलं. नको काढू काहीच. शेठले नही म्हनतो मी.

आधार : म्हणाल?

पितांबर : म्हनीन.

आधार : आज म्हणाल? सावद्याला फोन आहे, वीस मिनिटांत जाऊन येऊ. इंजिन गरमच आहे, एका किकला सुरू होईल. बसा मागं.

पितांबर : ...उद्या सकाळी त्याचा टेम्पो येऊन ऱ्हायला.

आधार : हं. पाने कुठं ठेवलेत तुमचे?

(इंजिन निवलं. मग शेडच्या फरशीवर दोन गोणपाटं अंथरली गेली, एक दाराकडं, एक भिंतीकडं. तिसऱ्या प्रहरापर्यंत दोन्ही गाड्या उघड्या झाल्या.)

पितांबर : फ्लायव्हील ओढून काढाचा पुलर तो नव्हे. तो ट्रॅक्टरचा हाये. निळा घे.

आधार : माहीत आहे. निळा धनसिंगनं बनवला होता. हाही कोणाच्या बाजूला ठेवायचा, सांगा.

पितांबर : तो धनसिंगचा हाये. त्याले दे.

आधार : तुम्ही द्या. मी नाही पारोळ्याला जाणार आता.

पितांबर : काहून? मंडळ तं चालूच ऱ्हाईन.

आधार : कोणत्या गाडीवर येऊ? धरा इकडं. सोडा हळू. आलं.

पितांबर : अजून चकाकतं पाह्य. आपन लिलावात पाह्यलं तवा याच्यावर बोटभर गंज व्हता.

आधार : लिलावात तुम्ही पाहिलंच नाही. तुम्ही नुसते ओरडत होतात. मी बोललो की तुम्ही माझ्यावर चढवायचे.

पितांबर : तू काय कमी व्हता? चष्म्यावाला काटकुळा पोरगा, मी म्हनलं हा कोन सरकारी मानूस इटालियन गाडी घेऊन ऱ्हायला. आन लिलाववाला हसून हसून बेजार. त्यालेच माहीत व्हतं, ताडपत्रीखाली अशीच दुसरी हाये म्हनून.

आधार : ज्यांच्या सामानाचा लिलाव होता ते इटालियन इंजिनियर दोघे होते, तर गाड्याही दोन असणार, एवढा विचार आपल्या दोघांपैकी एकाला सुचला नाही.

पितांबर : मंग चिठ्ठी टाकली. मोठ्या नंबरची तुह्यी, लहान नंबरची माह्यी. आधी बनली म्हनून थोरली.

आधार : कॉइल. तुमच्या बाजूला.

पितांबर : राहू दे ना रे. तुले कुठी मिळनार दुसरी?

आधार : तुमच्या बाजूला.

पितांबर : बरं.

आधार : बॅरल. पिस्टन. माझ्या. तिसरा गिअर तुमच्या. व्हॉल्व्ह दोन्ही माझ्या. क्लचच्या प्लेटा...

पितांबर : क्लचच्या प्लेटा आपन दोघांनी कापल्या. बुचाच्या पट्ट्या लावून. अर्ध्या अर्ध्या घे.

आधार : क्लच अर्धा होत नाही. तुम्ही घ्या.

पितांबर : मले नको.

आधार : शेठला द्यायचा आहे ना? ठेवा. बाहेरून दिसत नाही, पण आत काहीतरी भरलेलं हवं.

पितांबर : तू आज एकबी संधी सोडून नही ऱ्हायला.

आधार : तुम्ही चेंबर धरा. दोन्ही हातांनी. हं. हे घ्या तुमचं इंजिन. नंबर वाचून घ्या.

पितांबर : वाचला.

आधार : नीट वाचा. शेठ बॅटरी घेऊन वाचतात.

कुंदाबाई : जेवाचं का नही दोघांनी? भाकरी तिसऱ्यांदा झाकून आली मी. हे काय, पसारा तं पसारा! दोन गोनपाटाईवर दोन संसार मांडले जसे.

आधार : वाटणी झाली वहिनी. एवढंच एक राहिलंय.

कुंदाबाई : काय ते?

आधार : ऑइल पंप. एकच आहे.

कुंदाबाई : दोन गाड्या आन एक पंप?

आधार : दिवाळीत दोन्ही इंजिनं उघडली होती ना, इथंच. त्यात एका पंपाचे दात गेलेले सापडले. चांगला होता तो आम्ही धाकटीत घातला, म्हणून ती चालली. मोडका वना घेऊन गेला, भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात कोणी दात कापून देतो का बघायला. तिथल्या कारागिरानं नमुना पाहून सांगितलं, होणार नाही.

कुंदाबाई : मंग हा कोनाचा?

पितांबर : त्याच्याच गाडीतून निघाला ना आता?

आधार : गाडीतून निघाला म्हणून माझा होत नाही. चेंबरही माझ्याच गाडीतून निघालं.

पितांबर : मोडला तो थोरलीतून निघाला व्हता का धाकटीतून?

आधार : कोणाला माहीत? दोन्ही पंप एकाच परातीत धुतले आपण. रॉकेलमध्ये. बाहेर काढले तेव्हा दोन्ही सारखे, एकाचे दात गेलेले, एकाचे शाबूत. परातीत टाकायच्या आधी दात तपासायला पाहिजे होते.

कुंदाबाई : माह्या लग्नातली परात हाये ते. म्हने कामापुरती नेतो.

पितांबर : खूण करायले पाह्यजे व्हती.

आधार : खूण कशाला करणार होतो? तेव्हा गरज नव्हती.

पितांबर : घेऊन जाय तू. तुह्याच हाये तो.

आधार : कशावरून?

पितांबर : मोडला तो माह्या व्हता.

आधार : मोडला तो माझा होता.

पितांबर : तुले कसं माहीत?

आधार : तुम्हाला कसं माहीत?

पितांबर : अरे मी देऊन ऱ्हायलो ना तुले! काचेमागं काय करू पंप? तुह्यं चेंबर पुन्हा बसोशीन तवा लागीन तुले. याच्याशिवाय पाच मिनिटं चालनार नही ते.

आधार : तुमचा असला तरच तुम्ही देणार ना? आणि माझा असला तर देणारे तुम्ही कोण?

पितांबर : घे म्हनलं का घ्याव. सतरा वर्सं घेतलं तसं.

आधार : सतरा वर्षं मी घेत नव्हतो भाऊ. आपण वापरत होतो. हे आज सकाळपर्यंत मला वाटत होतं की तुम्हालाही माहीत आहे.

पितांबर : मंग मीबी नही घेत.

आधार : नका घेऊ.

कुंदाबाई : काय दोघं लेकरासारखे! सकाळपासून 'माह्यं माह्यं' म्हनून ऱ्हायले आन आता 'नको नको'. मी फेकू का तो?

पितांबर : कुंदा, हात नको लावू त्याले.

आधार : सव्वाचारची बस आहे ना वहिनी, धुळ्याची?

कुंदाबाई : यावलवरून जाते, फाट्यावर हात केला का थांबते. पन जेवल्याबिगर?

आधार : आज नको.

पितांबर : सांगाडा कसा नेशीन?

आधार : मगनचा केळीचा ट्रक जातो ना धुळ्यावरून, मुंबईला? त्याला सांगा, घडांच्या वर आडवा टाक म्हणावं. हायवेवर उतरवून घेईन मी. नाहीतर राहू द्या. इंजिनाशिवाय मला घाई नाही.

पितांबर : मी सांगतो मगनले. मंगळवारी पोचीन. अन शेठलेबी सांगतो, आधार... बैसाणेसाहेब हे आमचे...

आधार : नका सांगू काही. आता सांगितलंत तर आणखी विचित्र दिसेल.

पितांबर : रविवारी येशीन ना? पारोळ्याले?

आधार : एसटीनं? आणि कोणाच्या मागं बसू?

पितांबर : तसं नही. नुसतं बसाले. चहाले.

आधार : निघतो भाऊ. पायाचं तेल पिशवीत आहे, वहिनींकडं दिलंय. भागाबाई म्हणाली, कोमट करून लावा. चोळू नका, नुसतं लावा.

कुंदाबाई : थांबा, एक पोतं मी धरते. एवढं लोखंड घेऊन फाट्यापोतर कसं जासान एकटे?

आधार : ॲल्युमिनियम आहे वहिनी, फारसं जड नाही. बरं, ते लहान धरा.

पितांबर : आधार.

आधार : काय?

पितांबर : काही नही. जाय. बस चुकीन.

(बस उशिरा आल्यामुळं कुंदाबाई फाट्यावरून परतल्या तेव्हा शेडमध्ये अंधार पडला होता.)

कुंदाबाई : अहो, अंधारात काय बसले? दिवा तरी लावा.

पितांबर : भेटली का बस?

कुंदाबाई : भेटली. गर्दी व्हती. कंडक्टर म्हने पोतं वर टाका टपावर. नही टाकलं त्याइनं. उभ्यानंच छातीशी धरून गेले.

पितांबर : काही म्हनला?

कुंदाबाई : मले म्हनले, वहिनी, परात विकत घ्या नवी.

पितांबर : माह्याबद्दल?

कुंदाबाई : नही. तुमच्याबद्दल नही बोलले.

पितांबर : थोरली तेवढी जोडाची हाये अजून. सकाळी टेम्पो येईन.

कुंदाबाई : एकट्यानं होईन तुमच्यानं?

पितांबर : वरून दिसन्यापुरतं होईन.

कुंदाबाई : आन हा पंप तसाच पडला बाकड्यावर. याले शेठच्या गाडीत घालता का?

पितांबर : नही.

कुंदाबाई : मंग मगनच्या ट्रकवर देऊन टाका, सांगाड्यासंगं. धुळ्याले गेल्यावर ठेवतीन ते.

पितांबर : परत पाठवीन तो. ...ते तेलाचं फडकं दे जरा. उघडा राह्यला तं गंज धरीन.